सेल्मर ओडेगार्डच्या ऐंशी खुर्च्या

आमच्या कॉलेजात दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता यादी निघते. पुढच्या आठवड्यात कुठे काय आहे, त्याची यादी. ती मी काढते, आणि काढायला लागून बावीस वर्षं झाली. गेल्या आठवड्यात सोमवारी दगडफुलांवर व्याख्यान होतं, मंगळवारी एका पाहुण्या कवयित्रीचं वाचन, बुधवारी रक्तदान आणि संध्याकाळी त्याच हॉलमध्ये लोकनृत्य. आठशे पोरांचं कॉलेज, चार हजारांचं गाव, आणि आठवड्याला सतरा-अठरा कार्यक्रम. इतकं सगळं ऐकून घ्यायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न इथल्या प्रोफेसरांना कधी पडत नाही. तो पडायचा सेल्मर ओडेगार्डना.

भिंतींवर जाहिराती चिकटवायला आमच्याकडे बंदी आहे. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंग निघतो म्हणून एका डीनने ती घातली; डीन गेले, बंदी राहिली. त्यामुळे जे यादीत असतं ते होतं, आणि जे यादीत नसतं ते झालं तरी न झाल्यासारखंच. जेवणघराच्या प्रत्येक टेबलावर यादी उभी केलेली असते. गावातले लोक लायब्ररीच्या दारातून घेऊन जातात आणि घरी फ्रिजला लावतात. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात कोणी कोणाला तोंडाने फारसं बोलावत नाही. आग्रह केला की समोरच्याला अवघड होतं, असं आम्ही मानतो. यादी हेच आमंत्रण.

सेल्मर खुर्च्या मांडायचे. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही, आणि ते काम त्यांच्यासारखं करणारा मी पाहिला नाही. उंच, जरासे पोक आलेले, कानामागे पेन्सिल. दोन ओळींतलं अंतर ते स्वतःच्या बुटाने मोजायचे. दोन बूट आणि एक टाच. त्यापेक्षा कमी ठेवलं तर म्हाताऱ्यांचे गुडघे अडकतात, जास्त ठेवलं तर माणसं एकमेकांपासून लांब बसतात आणि हसत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

पण त्यांची खरी विद्या आकड्यात होती. प्रोफेसर फॉर्मवर लिहायचे, 'अपेक्षित उपस्थिती साठ'. सेल्मर तो कागद माझ्या टेबलावर ठेवून हसायचे. साठ म्हणजे पस्तीस. आणि पस्तीस येणार असतील तर ते पंचवीस मांडायचे. उरलेल्या पडद्यामागे, गाडीवर रचून.

"लोर्ना, एक लक्षात ठेव," मी नवी होते तेव्हा ते मला म्हणाले होते. "मागून खुर्च्या आणाव्या लागल्या की बोलणाऱ्याचा चेहरा बदलतो. तेवढ्यासाठी त्याने घर सोडलेलं असतं."

एकदा एका बाईंच्या भाषणाला अठरा माणसं आली. सेल्मरनी चौदा मांडल्या होत्या. बाईंचं बोलणं सुरू झाल्यावर ते चार खुर्च्या एकेक करून घेऊन आले, जराही घाई न करता, सगळ्यांना दिसेल असं. त्या बाईंनी नंतर डीनना पत्र लिहिलं की इतका भरलेला हॉल आपण पाहिला नव्हता. सेल्मरना त्या पत्राबद्दल सांगितलं तर म्हणाले, "वाईट नाही." आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं.

त्यांची बायको आर्डिस. कॉलेजच्या जेवणघरात एकोणतीस वर्षं सूप करायच्या. त्या सेल्मरपेक्षा निम्म्या उंचीच्या आणि दुप्पट तिखट. पोरं ताट घेऊन समोर आली की नाव घेऊन विचारायच्या, काल का आला नाहीस, आजारी होतास की प्रेमात पडलास. निवृत्त झाल्यावरही त्या प्रत्येक कार्यक्रमाला यायच्या आणि शेवटच्या ओळीत बसायच्या. घुबडांवर बोलणारा माणूस दरवर्षी येतो, जिवंत घुबड घेऊन. त्याचं तेच ते बोलणं आर्डिसनी अकरा वेळा ऐकलं होतं.

सेल्मरची आणखी एक सवय होती. खुर्च्या मांडून झाल्या आणि दार उघडायला पाच मिनिटं उरली की ते मागच्या कोपऱ्यात उभे राहून एक फोटो काढायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी कोणीतरी म्हणालं होतं, 'गेल्या वेळेसारखं मांडा', आणि यांना गेल्या वेळेचं आठवेना. तेव्हापासून छोटा कॅमेरा खिशात. फोटोच्या मागे पेन्सिलीने तारीख, कार्यक्रम, किती मांडल्या, किती आले. बुटांच्या खोक्यांत दोन हजारांवर फोटो साठले होते. एकाही फोटोत माणूस नाही.

कलाविभागातल्या प्रोफेसर टेसा व्हिटलॉकना ते खोके दिसले आणि त्या मागेच लागल्या. हे लोकांना दाखवा, यावर बोला. सेल्मर नको म्हणाले. इथे साधी कॉफी घ्या म्हटलं तरी माणूस तीनदा नको म्हणतो, म्हणून टेसांनी चौथ्यांदा विचारलं. "बरं," सेल्मर म्हणाले, "कोणाला अडचण होणार नसेल तर."

ऑक्टोबरातला एक गुरुवार ठरला. दुपारी चार वाजता, मोठ्या हॉलमध्ये.

आता माझं सांगते. आमच्या कॉम्प्युटरवर हॉल मागितला की ती ओळ पिवळी दिसते. खुर्च्यांच्या नकाशावर सही झाली आणि ती मी नोंदवली की हिरवी होते, आणि हिरव्या ओळी आपोआप यादीत जातात. ही सही सेल्मर करायचे. एकतीस वर्षांत एकही नकाशा त्यांच्याकडून सहीवाचून राहिला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या कार्यक्रमाचा कागद घेऊन ते माझ्याकडे आले, पेन्सिल काढली, आणि मी तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, या वेळी तुम्ही पाहुणे आहात, पाहुणा सही करत नाही. सगळं मी बघते.

त्यांना ते आवडलं. कान लाल झाले. मग त्यांनी खुर्च्यांचं काढलं.

"पंचवीस पुरेत," ते म्हणाले.

"ऐंशी," मी म्हटलं. "तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांची काटछाट केलीत, आता मी तुमची करू देणार नाही. सगळं कॉलेज येणार आहे."

ते हो-नाही करत राहिले आणि शेवटी मानले. माझ्या बोलण्यावर त्यांनी स्वतःचा नियम मोडला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं एकवेळ विसरभोळेपणा म्हणून सोडून देता येईल, पण हा माझा मिजासखोरपणा होता.

त्याच वेळी फोन वाजला. घुबडवाला होता. हॉलचे छताचे पंखे नक्की बंद असतील ना, घुबड मागच्या वर्षी बिथरलं होतं. मी पंख्यांच्या मागे धावले. सेल्मरचा कागद फोनखाली राहिला, फोनखालून फायलीत गेला, आणि त्यावर सही झाली नाही.

यादी निघाली. मी ती नेहमीसारखी दोनदा वाचली. एका तबलजीच्या नावातली चूक सापडली, ती सुधारली. यादीत जे असतं त्यातल्या चुका मला दिसतात. जे नसतं ते दिसलं नाही. सेल्मरनीही पाहिली नाही. त्यांच्याकडे माझे खुर्च्यांचे कागद जायचे, त्यावर त्यांचं काम चाले. आणि स्वतःचं नाव छापून आलंय का हे बघायला जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. टेसा तेव्हा पोरांना घेऊन शिकागोला गेल्या होत्या, त्या कार्यक्रमाच्या दिवशीच परतल्या.

गुरुवारी सेल्मरनी ऐंशी खुर्च्या स्वतः मांडल्या. दुसऱ्या कोणाच्या ओळी त्यांना सरळ वाटत नसत. मग घरी जाऊन सूट घालून आले. आर्डिसनी लिंबाच्या वड्यांची दोन मोठी ताटं आणली होती, वर साखर भुरभुरून. सूटमध्येच सेल्मर कोपऱ्यात गेले आणि त्यांनी फोटो काढला.

चार वाजले. टेसा आणि त्यांच्याबरोबरची पाच पोरं आली. लॅटिन शिकवणारे एक निवृत्त म्हातारे आले, ते जिथे खायला असतं तिथे येतात. आर्डिस होत्या, मी होते. झाले नऊ. सव्वाचार झाले. माझी नजर दाराकडे. पडद्यामागे काहीच ठेवलं नव्हतं, काढलेल्या ऐंशीच्या ऐंशी खुर्च्या समोर मांडलेल्या होत्या, आणि एकाहत्तर रिकाम्या.

"चला," सेल्मर म्हणाले. "खोली फोटोतल्यासारखीच राहिली आहे, तुम्हाला ओळखायला सोपं जाईल."

पोरं हसली. ते वीस मिनिटं बोलले. पंचेचाळीस मिनिटांचं लिहून आणलं होतं, कागद मला दिसत होते; ते तीन-तीन पानं एकदम उलटत होते. शेवटी कोणी प्रश्न विचारला नाही. आर्डिसनी वड्यांची ताटं पुन्हा झाकली. दुसरं ताट उघडलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी कॉम्प्युटर उघडला आणि ती ओळ पिवळी दिसली.

मी तशीच बसून राहिले. तेव्हा उठून तळघरात त्यांच्या खोलीत जायला चार मिनिटं लागली असती. मला शिक्षा झाली नसती. आमच्याकडे कोणी ओरडत नाही. 'होतं असं' म्हणतात आणि मग जन्मभर लक्षात ठेवतात. मला तेच नको होतं. सेल्मरच्या नजरेत मी यादी चोख काढणारी लोर्ना होते आणि मला तीच राहायचं होतं.

दहा वाजता तेच आले, पुढच्या आठवड्याचे कागद न्यायला.

"गुरुवार वाईट असतो," ते म्हणाले. "लोकांना कामं असतात."

"हो," मी म्हटलं. "आणि बास्केटबॉलचा सराव पण होता."

सराव होता की नाही मला आजही माहीत नाही. तोंडाला आलं ते बोलले. त्यांनी मान हलवली, कागद घेतले आणि गेले. त्या दिवसापासून त्यांच्या खिशात कॅमेरा दिसला नाही.

नंतर ते आणखी चिघळलं. लोकांच्या कानावर आलं की सेल्मरचा कार्यक्रम झाला आणि कोणी गेलं नाही. प्रत्येकाला वाटलं, यादीत असणारच, आपल्याच नजरेतून सुटलं. प्रत्येक जण मनातून ओशाळला आणि सेल्मर समोर दिसले की वाट बदलायला लागला. गायनवृंदाचे मास्तर नील हॅलव्हर्सन माझ्याकडे येऊन म्हणाले, "माझंच चुकलं बघ, तुझी यादी मी नीट वाचली नाही." मी म्हटलं, होतं असं. माझी चूक सगळ्या कॉलेजने आपापसांत वाटून घेतली, आणि मी ती वाटू दिली.

सेल्मरना एवढंच दिसत होतं की लोक आपल्याला टाळतात.

वसंतात ते निवृत्त झाले. निरोपसमारंभ नको म्हणाले, माझ्यासाठी कोणी खुर्च्या मांडू नका. तळघरात उभ्या उभ्या केक कापला. आर्डिस आल्या नाहीत. त्यांनी त्या गुरुवारनंतर कॉलेजात पाऊलच टाकलं नव्हतं. नाताळच्या गाण्यांना नाही, घुबडाला नाही. एकोणतीस वर्षं आपण या लोकांना जेवू घातलं आणि आपल्या माणसासाठी यांना जिना चढवला नाही, असं त्या मनात धरून बसल्या. तोंडाने कोणाला काही बोलल्या नाहीत. गावात म्हणू लागले, आर्डिसला शिंगं फुटली.

दोन वर्षांनी त्या मला किराणा दुकानात भेटल्या. गाजरं निवडत होत्या. मी नमस्कार-चमत्कार केले.

"अजून काढतेस का गं यादी?" त्यांनी विचारलं.

"काढते."

"काढ. लोक वाचतात म्हणे." आणि गाजरांची पिशवी तोलून ढकलगाडीत टाकून गेल्या.

त्यांना तिथेच, गाजरांसमोर सांगायला हवं होतं. ओठावर आलं होतं. पण दोन वर्षांनी सांगायचं म्हणजे दोन वर्षं का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार. दिवस जातात तशी ही गोष्ट जड होत जाते, हलकी होत नाही, एवढं मी स्वानुभवाने सांगू शकते. मी रोज रात्री तळमळले वगैरे काही नाही. चांगली जेवत होते. फक्त दर शुक्रवारी पावणेबाराला, यादी पाठवायच्या आधी, हात थांबायचा.

आणखी दोन वर्षं गेली. मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी सेल्मर माझ्या ऑफिसात आले. टोपी हातात. आर्डिस मंगळवारी गेल्याचं मला कळलं होतं. सकाळी कॉफी करता करता पडल्या आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. मी उठून त्यांचा हात धरला. ते बसले.

"चॅपलवाले म्हणतात शोकसभा कॉलेजात करा, तिची जागा ती," ते म्हणाले. "वरची छोटी खोली दे. बुधवारी. बारा खुर्च्या. आणि यादीत घालू नकोस."

मी विचारलं, का?

"तिने सांगून ठेवलं होतं. म्हणाली, माझ्या वेळेला रिकाम्या खुर्च्या नकोत. किती लोक येतात ते आपण पाहिलंय."

मी दार लावून घेतलं. उभ्यानेच बोलले, बसले असते तर धीर झाला नसता.

"सेल्मर, तुमचा कार्यक्रम यादीत नव्हता. तुमच्याकडून कागद घेतला आणि सही करायची मी विसरले. लोकांना कळलंच नाही. कोणालाच माहीत नव्हतं."

ते टोपीची कड बोटांनी फिरवत राहिले. एक पूर्ण फेरी झाली.

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही यायच्या आधी."

"बास्केटबॉल म्हणालीस."

"हो."

ते खिडकीबाहेर बघू लागले. बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता, पोरं फळ्यांवरून उड्या मारत चालली होती.

"आर्डिस मंगळवारपर्यंत होती, लोर्ना," ते म्हणाले.

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, माझं चुकलं, मला माफ करा. आमच्याकडे माफी मागितली की समोरचा लगेच 'अगं, त्यात काय' म्हणतो. ते इतकं ठरलेलं असतं की वाक्य पूर्ण व्हायच्या आत येतं. मी वाट पाहिली. सेल्मर ते म्हणाले नाहीत.

"मोठा हॉल मोकळा आहे का बुधवारी?"

मी बघितलं. दुपारी दोनपासून मोकळा होता.

"मग घाल यादीत."

"किती खुर्च्या?"

त्यांनी डोळे मिटले. जुन्या सवयीने ओठ हलले. "चाळीस. बाकीच्या पडद्यामागे."

मी नकाशा काढला आणि पेन उचललं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. "सही मी करतो," म्हणाले, आणि केली. ओळ हिरवी होईपर्यंत ते माझ्यामागे उभे राहून कॉम्प्युटरकडे बघत होते.

बुधवारी दीड वाजताच चाळीस खुर्च्या भरल्या. मग लोक येतच राहिले. सूप प्यायलेली पोरं, जी आता पोरं नव्हती, दोन-दोन तास गाडी चालवून आपली पोरं घेऊन आली होती. घुबडवाला आला होता, घुबडाशिवाय. सेल्मर त्याच जुन्या सूटमध्ये पडद्यामागे गेले आणि दोन खुर्च्या घेऊन आले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसांनी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मी गेले तेव्हा मला नको म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. आम्ही दोघं आणत राहिलो. प्रत्येक खुर्ची उघडली की ते समोर टेबलावर ठेवलेल्या आर्डिसच्या फोटोकडे एकदा बघायचे आणि परत पडद्यामागे जायचे. मला त्या फोटोकडे एकदाही बघवलं नाही.

शेवटच्या खुर्च्या आणताना नील हॅलव्हर्सननी सेल्मरना गाठलं. म्हातारे झालेत आता. म्हणाले, "सेल्मर, चार वर्षं बोलायचं राहिलंय. तुमच्या फोटोंच्या वेळी मी आलो नाही. यादीत होतं, माझ्या नजरेतून सुटलं. लाज वाटत होती."

मी दोन हातांत दोन खुर्च्या घेऊन शेजारीच उभी होते.

"तुमच्या नजरेतून नाही सुटलं," सेल्मर म्हणाले. "तेव्हा ते छापायचं राहिलं होतं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. यादी कोण काढतं हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नीलनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागच्या दोघांनी पाहिलं, आणि मग ते सगळे अगदी सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागले.

चाळीस मांडल्या होत्या, एकशे सहा मागून आणाव्या लागल्या, तरी भिंतीला टेकून माणसं उभी होती. साडेचारला हॉल रिकामा झाला. सेल्मर थांबले, कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मी त्यांच्याजवळ गेले.

"यादी बरोबर होती," ते म्हणाले, आणि पहिल्या ओळीपासून खुर्च्या मिटायला लागले.